हात कुणी सोडला

जोखयंत्र येण्याआधी कराडात खेळांवरून भांडायला मोठी मजा यायची. चौकातल्या चहाच्या गाड्यावर एकदा विषय निघाला की चहा थंड व्हायचा आणि माणसं तापायची. कॅरम हा काय खेळ झाला? बुद्धिबळात घाम कुठं येतो? पोरं खुर्चीत बसून पडद्यावर गोळ्या झाडतात, त्यांना पदक कसलं देता? दहीहंडीला खेळ म्हणायचं की सण? रत्नमाला थोरवड्यांचे यजमान हयात होते तेव्हा या भांडणांत हिरिरीने उतरायचे, आणि तिथे उरलेलं भांडण घरी आणून बायकोशी संपवायचे. ते दिवस आठवले की रत्नमालाबाईंना अजून हसू यायचं.

मग जोखयंत्र आलं आणि भांडणातला जीवच गेला.

यंत्र म्हणजे काय, तर चिंचोक्याएवढ्या चकत्या. खेळाडूच्या अंगावर त्या ठिकठिकाणी चिकटवायच्या. स्नायू आखडण्याआधी त्याला मज्जातंतूंतून विजेचा एक बारीकसा इशारा मिळतो. तो चकती टिपते. दोन खेळाडू एकमेकांना भिडले की दोघांचे इशारे आणि हालचाली ताडून यंत्र प्रत्येक क्षणाच्या जोराचे दोन भाग पाडतं. समोरच्याचा तोल घालवणारा तो पाडता जोर, आणि समोरच्याचा तोल राखणारा तो सावरता जोर. एकूण जोरात पाडता जोर शंभरातला किती, त्या आकड्याला झुंजांक म्हणायचं. कुस्तीत तो ऐंशीच्या वर जाई, कबड्डीत सत्तरच्या आसपास. जिथे अंगाला अंग लागत नाही तिथे समोरच्याला चकवायला शरीर किती झटतं ते मोजत. क्रीडा निकष मंडळाने नियमच केला: झुंजांक चाळीसच्या वर असेल तर खेळ, खाली असेल तर कला, व्यायाम किंवा करमणूक. कॅरमवाले कोर्टात गेले. कुणा वात्रट माणसाने स्टँडवर एसटीच्या खिडकीची जागा धरणाऱ्या दोघांच्या अंगावर चकत्या लावल्या, तर आकडा कबड्डीच्याही वर गेला. आठवडाभर सगळं कराड त्यावर हसलं आणि मग निमूटपणे यंत्राचं ऐकू लागलं.

या यंत्रामागचं गणित पुण्याच्या ज्या प्रयोगशाळेत बसवलं, तिथे रत्नमालाबाईंची मुलगी केतकी कामाला होती. लेकीचा त्यांना कोण अभिमान. येणाऱ्याजाणाऱ्याला त्या चकती दाखवायच्या आणि 'हे आमच्या केतकीचं' म्हणायच्या. ही चकती एक दिवस आपल्याच अंगावर चिकटणार आहे, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

नगरपालिकेच्या बंदिस्त क्रीडागृहात रत्नमालाबाईंचं पंचमी मंडळ रोज संध्याकाळी जमायचं. झिम्मा, फेर, पण मुख्य म्हणजे फुगडी. दोघींनी हाताची फुली करून एकमेकींचे हात धरायचे, पाय जुळवायचे, अंग मागे टाकायचं आणि गरगर फिरायचं. जी आधी दमून किंवा चक्कर येऊन 'पुरे' म्हणेल ती हरली. मंडळात साठीच्या पुढच्याच बायका जास्त होत्या. पूर्वी प्रत्येकीच्या दारात अंगण होतं; आता सगळ्या फ्लॅटमध्ये, आणि फ्लॅटमध्ये फुगडी घातली की खालचे लोक काठीने छत ठोकायचे. फुगडीला जागा अशी ही एवढीच उरली होती. त्यातच पालिकेची सूचना लागली: श्रावणापासून क्रीडागृह फक्त मान्यताप्राप्त खेळांना मिळेल.

रत्नमालाबाईंनी मान्यतेसाठी अर्ज केला आणि केतकी सुट्टी काढून चकत्या घेऊन आली. बायकांनी पदर खोचले, 'आता आमचं काय काय मोजणार गं?' म्हणून तिची थट्टा केली आणि जीव तोडून फुगड्या घातल्या. केतकीने पडद्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"किती?" रत्नमालाबाईंनी विचारलं.

"चार."

"चार म्हणजे? चाळीस हवेत ना?"

"आई, तुम्ही सगळ्या एकमेकींना सांभाळताच आहात. शंभरातला शहाण्णव भाग जोर दुसरीचा तोल राखायला जातोय. यंत्राच्या लेखी हे पाडणं नाहीच. हे असं दिलं तर निकष मंडळ नाच म्हणून शिक्का मारेल."

"मग तिला सोडून द्यायची का काय? दोघीही आपटतील की!"

पण नियमात एक फट होती, ती केतकीने शोधून काढली. खेळाच्या एका जरी खऱ्याखुऱ्या डावात झुंजांक चाळीसच्या वर गेल्याचा पुरावा असेल, तर मंडळ तो खेळ वर्षभर फेरतपासणीला घेतं, आणि तोवर क्रीडागृह काढून घेता येत नाही. पुरावा म्हणून जुनं चित्रीकरणही चालत होतं. माणसांची उंची आणि वजनं ठाऊक असली की हालचालीवरून जोर उलटा काढता येतो.

"आई, तुझी ती कॅसेट आहे ना? सुपन्याची? ज्यात आत्या आणि तू..."

कॅसेट होती. कपाटात, लग्नातल्या शालूच्या घडीखाली.

नव्या नवरीची पहिली पंचमी माहेरी व्हायची. पण त्या साली कृष्णेला पूर आला आणि न्यायला येणारा भाऊ पलीकडच्या काठावरच अडकला. सुपन्यातल्या सासरच्या घरात रत्ना मागच्या पडवीत बसून मुसमुसत होती. तेव्हा शालन, तिची मोठी नणंद, स्वतः माहेरपणाला आलेली, तिच्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "माहेर न्हाई तर न्हाई. फुगडी तर हाय का न्हाई? ऊठ!" शालन म्हणजे पंचक्रोशीत नाव असलेली फुगडीवाली. तिने या नवख्या भावजयीला फरफटत अंगणात नेलं. धाकट्या दिरांनी कुणाचा तरी व्हिडिओ कॅमेरा मागून आणला होता. काय फुगडी रंगली ती! बायका तोंडाने 'फू फू' ताल धरून ओरडत होत्या, रत्नाचं रडू कुठल्या कुठे पळालं होतं, तिला फक्त शालनचा हसरा चेहरा दिसत होता आणि बाकी सगळं जग पुसून गेलं होतं. आयुष्यात इतका आनंद तिला पुन्हा क्वचितच झाला.

आणि मग एकदम हात सुटला. रत्ना उडून कडब्याच्या गंजीत पडली, डोक्यावरचा पदर कुठे, अंबाडा कुठे. सगळं अंगण हसलं. शालन दुसरीकडे पडली आणि तिचं मनगट मोडलं. ते पुढे नीट बसलंच नाही, वाकडंच राहिलं.

सुपन्यात फुगडीचा नियम एकच होता. 'पुरे' म्हणा, हरा, पण न सांगता हात सोडायचा नाही. जी सोडेल तिला पुन्हा कुणी फेरात बोलवायचं नाही. त्या दिवशी हात कुणी सोडला, यावर शालनने चकार शब्द काढला नाही. पण ती त्यानंतर कधी फुगडीला उभी राहिली नाही, पंचमीला माहेरीही येईना. लग्नकार्यं, दुखवटे यांना यायची, पाहुणीसारखी बसायची आणि जायची. रत्नमालाबाईंनी मनाशी धरून ठेवलं होतं: वन्संनी हात सोडला. कालची आलेली पोर आपल्याला हरवणार हे बघवलं नाही म्हणून सोडला. ही गोष्ट त्यांनी केतकीलाही अनेकदा सांगितली होती, आणि दर वेळी सांगून झाल्यावर त्यांना विनाकारण रडू यायचं.

केतकी कॅसेट घेऊन पुण्याला गेली आणि दोन दिवसांनी जवळजवळ नाचतच आली.

"एक्क्याण्णव! आई, शेवटच्या क्षणाला झुंजांक एक्क्याण्णव आहे. कुस्तीतसुद्धा इतका क्वचित लागतो. आत्यानं तुला आधी जोरात खेचलंय आणि मग सरळ फेकलंय. तू म्हणत होतीस ते खरं निघालं."

तिने पडद्यावर चित्र लावलं. दोन बायका गरगर फिरत होत्या, हिरव्या लुगड्यातली शालन आणि जरीच्या पिवळ्या साडीतली रत्ना. शेवटी जोर दाखवणाऱ्या रेषांचा एक भला मोठा लोट शालनच्या हातांतून निघाला आणि पिवळी आकृती चौकटीबाहेर गेली. इतकी वर्षं मनात बाळगलेली गोष्ट यंत्राने खरी ठरवली, तर माणसाला बरं वाटायला हवं. रत्नमालाबाईंना क्षणभर वाटलंही. मग त्यांची नजर चित्राच्या कडेवर गेली.

"हे आजूबाजूचं कुठं गेलं गं? अंगण, बायका?"

"ते मी कापलं. यंत्राला फक्त दोन देह लागतात. बाकी चित्रात असलं की गोंधळतं."

"सगळं दाखव बघू."

केतकीने मूळ चित्र लावलं. आता अंगण आलं, पडवी आली, मेलेल्या कितीतरी बायका टाळ्या पिटत आल्या. रत्नमालाबाई त्यांची नावं घेत राहिल्या, ही काशीआत्या, ही धोंडूबाई, बघ कशी हसतेय. आणि मग त्यांनी दोघींच्या पायांकडे पाहिलं. फुगडी फिरता फिरता सरकते, हे खेळणाऱ्यांना कळत नाही. ही फुगडी सरकत सरकत अंगणाच्या कोपऱ्यात गेली होती, आणि त्या कोपऱ्यात गुरांना पाणी पाजायची दगडी डोणी होती. रत्नाची पाठ डोणीकडे होती. अंग मागे टाकलेलं, डोकं सगळ्यात मागे. अजून एक फेर, आणि डोकं डोणीच्या कडेवर.

"थांबव. आता हळूहळू पुढं घे."

शालनचं हसू मावळलं. तिने रत्नाला अर्धा फेर खेचून आपल्याकडे घेतलं. दोघींच्या जागा बदलल्या. आता शालनच्या पाठीशी डोणी होती. आणि मग तिने दोन्ही हातांनी रत्नाला कडब्याच्या गंजीकडे झोकून दिलं. जेवढ्या जोराने भावजय पुढे गेली तेवढ्याच जोराने ती स्वतः मागे गेली, हात मागे टेकायला गेला, आणि मनगट डोणीच्या कडेवर आपटलं.

"यंत्राला डोणी माहीत नव्हती," केतकी म्हणाली.

"मला तरी कुठं माहीत होती," रत्नमालाबाई म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून ढसाढसा रडल्या.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच तांबव्याला, शालनच्या घरी गेल्या. सत्तरीची शालन ओसरीत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती, एकट्या डाव्या हाताने, कारण उजवं मनगट वळत नव्हतं. अशी अवचित भावजय दारात बघून ती घाबरलीच.

"काय गं, समदी बरी हाईत न्हवं?"

"वन्सं, डोणी होती माझ्या मागं."

शालनच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिने विचारलंच नाही की कुठली डोणी.

"तुला दिसत न्हवती. मला दिसत हुती," ती म्हणाली.

"मग बोलला का नाहीत? इतकी वर्षं! मी गावभर सांगत सुटले, वन्संनी हात सोडला म्हणून. एका शब्दानं तरी सांगायचं."

"काय सांगू? सोडला तर मीच की. फुगडीत हात सोडल्यावर बोलायला तोंड ऱ्हातं व्हय? 'पुरे' म्हनाया याळच गावला न्हाई. आन् तुला सांगितलं असतं तर तू आल्यागेल्याला माझं मनगट दावून रडत बसली असतीस. नवी नवरी तू. रडून रडून आधीच डोळं सुजलेलं तुझं." तिने हातातली शेंग फोडली. "फुगडी मातर लई आठवायची बघ. पंचमी आली की पाय सळसळायचं."

रत्नमालाबाईंनी तिचं ते वाकडं मनगट आपल्या मांडीवर घेतलं आणि दोघी तशाच बसल्या. मग अर्जाचं, यंत्राचं, क्रीडागृहाचं सगळं त्यांनी सांगितलं. शालनने शांतपणे ऐकून घेतलं.

"मग दे की त्यो व्हिडिओ. हॉल ऱ्हाईल तुमचा. मी फेकलं असं म्हनतील, म्हनूदेत. माझं काय जातंय आता?"

जायला तिचं तेवढं नावच उरलं होतं, हे परतीच्या एसटीत रत्नमालाबाईंच्या मनातून जाईना. एकीकडे मंडळातल्या तीस बायका. गुडघे दुखत असताना जिने चढून येणाऱ्या, दिवसभर कुणाशी न बोललेल्या, संध्याकाळी दोन तास पोरी होणाऱ्या. दुसरीकडे एक नणंद. व्हिडिओ द्यायचा नाही म्हटल्यावर केतकी तर रागावलीच.

"आई, एक तुकडा दिला की काम होतंय. आत्याची हरकत नाही. आकडाही खोटा नाही."

"आकडा खोटा नाही, पण गोष्ट खोटी आहे. आधी माझ्या तोंडानं गावाला सांगून झाली, आता यंत्राच्या तोंडानं सरकारला सांगू?"

"मग हॉल गेला तर?"

"ते मी बायकांना सांगेन," त्या म्हणाल्या खऱ्या, पण कसं सांगायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं.

सुनावणीला निकष मंडळाचे अध्यक्ष देशमाने म्हणून होते. जुने पैलवान, कान चेपलेले, आवाज मऊ. त्यांनी कागद पाहिले.

"झुंजांक चार. जुन्या चित्रीकरणाचा पुरावा देणार असं लिहिलंय. आणलाय का?"

केतकीने आईकडे पाहिलं. रत्नमालाबाई उभ्या राहिल्या.

"पुरावा आहे साहेब, पण तो द्यायचा नाही. त्यात एकीनं दुसरीला वाचवलंय, आणि तुमचं यंत्र त्याला पाडणं म्हणतंय."

"मग खेळ कशावरून म्हणायचं, बाई? यात हारजीत कुठं आहे?"

"हरणं आहे की! दम लागतो, घेरी येते, पाय उचलत नाहीत. समोरची म्हणते अजून, आणि आपलं शरीर म्हणतं बास. जी आधी 'पुरे' म्हणेल ती हरते, आणि हरली की झोप लागत नाही, विचारा कुणालाही. फक्त हरवणं नाही. समोरचीला घट्ट धरून, तिला पडू न देता तिच्यापेक्षा जास्त टिकायचं. ती पडली तर आपणही पडतो. हे तुमच्या आकड्यात बसत नसेल तर नसू दे. आम्ही मात्र लहानपणापासून खेळायलाच जातो म्हणत आलो. नाचायला जातो असं आमच्यात कुणी म्हटलं नाही."

देशमान्यांनी चेपलेला कान चोळला. "आखाड्यात समोरच्याला चीत केल्यावर मी हात देऊन उठवायचो," ते म्हणाले. "ते काही यंत्रात येत नाही. पण बाई, नियम नियम आहे." त्यांनी अर्ज नामंजूर केला, आणि सही करताना बराच वेळ लावला.

पंचमी श्रावण लागताच येते. पालिकेने बायकांवर मेहरबानी म्हणून तेवढे दिवस सोडले होते. पंचमीची संध्याकाळ क्रीडागृहातली शेवटची. रत्नमालाबाईंनी मंडळाला सगळं सांगितलं होतं, डोणीसकट. कुणी चिडलं, कुणी रडलं, आणि एकीने विचारलं, त्या नणंदबाई येतील का हो? उद्यापासून नदीकाठच्या मैदानात जमायचं ठरलं होतं. तिथे फरशी नव्हती, दिवे नव्हते, आणि चिखल तर घोटाभर.

फेर सुरू होता तेव्हा दारात शालन उभी दिसली. सोबत कुणी नाही, इस्त्रीचं हिरवं लुगडं, केसात आबोलीचा गजरा. दारातून आत मात्र येईना. सुपन्याचा नियम तिने अजून मोडला नव्हता; कुणी बोलावल्याशिवाय फेरात पाऊल ठेवायचं नव्हतं.

रत्नमालाबाईंनी फेर थांबवला. सरळ तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि पदर खोचला.

"माहेर नाही तर नाही, वन्सं. फुगडी तर आहे का नाही? चला!"

शालनने उजवा हात पुढे केला. "माझ्या हातानं धराय येत न्हाई गं आता. मनगट फिरत न्हाई."

"मग मी धरते. दंडफुगडी घालू."

त्यांनी शालनचे दोन्ही दंड कोपराच्या वर घट्ट पकडले, शालनने जमतील तसे त्यांचे पकडले. पाय जुळले. आधी सावकाश, मग जरा जोरात, मग बायकांनी 'फू फू' धरला आणि दोघी म्हाताऱ्या गरगर फिरू लागल्या. केतकी भिंतीशी उभी होती; चकत्यांची पेटी तिच्या पिशवीत होती आणि तिने ती बाहेर काढली नाही. रत्नमालाबाईंना शालनचा चेहरा दिसत होता आणि बाकी सगळं पुसून गेलं होतं, अंगणातल्यासारखंच. दम लागला होता. पुरे म्हणावंसं वाटत होतं आणि म्हणवत नव्हतं.

"रत्ना," शालन धापा टाकत ओरडली, "हात सोडू नगंस हां!"

"तुम्हीच सोडला होता, वन्सं!"

शालन इतकी हसली, इतकी हसली, की तिला पाऊल टाकवेना. रत्नमालाबाईंनी तिचं सगळं ओझं दंडांवर घेतलं, फेर मंदावला, आणि तिची घेरी उतरेपर्यंत त्या तिला तशाच धरून उभ्या राहिल्या. मग शालन म्हणाली, "पुरे. हरले बाई."